बर्फाचं चिन्ह

टायरच्या कडेवर बोट ठेवून इब्राहिम परकार म्हणाला,
हे बघा डॉक्टर, डोंगर, आणि आत बर्फाचं फूल.
बाराही महिन्यांचा माल.
कुर्ल्याचा सीएसटी रोड, मे महिना, दुपारचे चार.
दुकानातला पंखा तीच हवा
एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे पोचवत होता.

बर्फ? मी म्हटलं.
बर्फ आम्ही ससून डॉकला बघतो, पापलेटांवर.
तो हसला. कंपनी साऱ्या जगासाठी एकच साचा काढते,
तुमच्या कामाचं तेवढं तुम्ही घ्यायचं.
पण पैसे फुलाचेही द्यायचे ना?
ते तर द्यायचेच.

दुसरा टायर त्याने फळीवरून उतरवला
तो जरा आदबीनेच.
उन्हाळी. मऊ.
तापलेल्या रस्त्याला हा असा धरतो, म्हणाला,
आणि स्वतःचंच मनगट आवळून दाखवलं.
पंचवीस हजारात गुळगुळीत होईल.
खड्ड्यात कड फाटली तर रडत माझ्याकडे यायचं नाही.
आवाज करतो थोडा.
वळणावर मात्र शब्द मोडत नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे.
माणसाला धड इथे नाही, धड तिथे नाही
अशा मधल्या पट्टीत तीन-तीन तास
धरून ठेवायचं, हा माझा धंदा.
चेंबूरच्या घरातही सगळं त्याच पट्टीतलं:
कुठल्याही भिंतीला चालतील असे पडदे,
कुठल्याही लग्नाला चालेल अशी साडी.
आणि माळ्यावर, डांबराच्या गोळ्यांत,
एडिनबराला जायचं म्हणून शिवलेला जाड कोट.
पत्र आलं होतं.
कोट दर दिवाळीला उन्हात टाकते.

पण रात्री दोनला कधी फोन वाजतो,
माझगावला कुणाचं तरी पोट उघडायचं असतं,
आणि फ्रीवे रिकामा.
बोगदा संपतो, डावीकडे खाडीचा काळोख,
पूल हलकेच अंग वळवतो
आणि पायाखाली गाडी काहीतरी विचारते.
दरवेळी मीच ब्रेक लावून उत्तर टाळते.

जुने चार टायर भिंतीला टेकून उभे होते.
इब्राहिमने कडेवरचे आकडे वाचले, ३११७.
एकतिसावा आठवडा, सतरा साल. जन्मतारीख हो त्यांची.
मी आठवून पाहिलं, त्या आठवड्यात मी काय करत होते.
काहीच नाही आठवलं.
वीस-बावीस जणांना भूल दिली असेल.
त्यांनाही नसेल आठवत.

दोन पुढे हे, दोन मागे ते, असं नाही का चालणार?
हा प्रश्न विचारल्याची मला आजही लाज वाटते.
इब्राहिमने हातातला चहा खाली ठेवला.
चारही एकाच जातीचे, डॉक्टर.
नाहीतर गाडीचं तोंड दादरला नि ढुंगण ठाण्याला.

उन्हाळी, मी म्हटलं.
चार.

पोऱ्याने जॅक लावला. नट पडले ताटलीत, ठणठण.
नव्या रबरावर बारीक काळी लव होती,
नुकत्या जन्मलेल्या पोराच्या खांद्यावर असते तशी.
हात फिरवला तर बोटं किंचित तेलकट झाली.
साच्याचं तेल आहे ते, इब्राहिम म्हणाला,
पहिले तीनशे किलोमीटर सावकाश. वळणं जपून.
ते झिजेपर्यंत हा कशालाच धरत नाही.

हे आधी सांगायचं ना, मी म्हटलं.
आधी कोण विचारतं?

मग लिंक रोडवर, गळक्या पाण्याच्या टँकरमागे,
ताशी बाराच्या वेगाने मी निघाले.
अमर महालला सिग्नल लागला, सुटला, पुन्हा लागला.
शेजारच्या रिक्षावाल्याने चाकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि भुवई उडवली.
मी काच वर केली नाही.

घराखाली गाडी लावली तेव्हा
मीटरवर सहा झाले होते.
अजून दोनशे चौऱ्याण्णव.