ऋणनिर्देश

प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार मानायची रीत आहे,
म्हणून आधी मार्गदर्शक डॉ. कोठुळे सरांचे.
विषय ऐकून त्यांनी चष्मा पुसला.
"आसरा? पाणवठ्यावरच्या बायकी गप्पा.
यात सिद्धांत कुठाय, रेवती?"
दोन वर्षांनी त्याच गप्पांवर त्यांचा निबंध आला:
जलस्थ स्त्रीतत्त्वाची पुरुषभक्षक वृत्ती.
चौथ्या तळटिपेत मी होते. आडनाव चुकलेलं.

आभार चांदोरीच्या ठकूबाई गांगुर्डे यांचे.
त्या निबंधात त्या 'एक निरक्षर वृद्धा' आहेत.
नदी आटल्यावर उघडी पडलेली देवळं
त्यांनी मला दाखवली, भिंतींवर वाळलेलं शेवाळ, कळसावर बगळा,
आणि काठाला शेंदराचे दगड.
"सात हायेत. मोज."
मी मोजले. सहा.
"मग सातवी शिकाया गेली असंल,"
म्हणाल्या, आणि तंबाखू मळत राहिल्या.

ग्रंथालयाचेही आभार.
तिथे आठनंतर मुलींना बसू देत नाहीत, सुरक्षेसाठी.
ज्यांच्यापासून सुरक्षा, ते बसतात.
मी कपाटाआड राहिले, टॉर्च लावून,
भुतांच्या वर्गीकरणाचं पान उघडून:
पुरुष मेला की त्याला हुद्दा मिळतो,
समंध, वेताळ, वीर;
कुणाला पिंपळ, कुणाला वर्षाचा नारळ.
बाई मेली तर कशानं मेली एवढंच नाव.
बाळंतपणात? अळवंत.
पुढे वाचलं नाही,
कारण समोरच्या खुर्चीखाली पाणी साचत होतं.

हिरव्या बांगड्या. पिळून घेतलेला पदर.
"चुकलंय," ती म्हणाली, माझं पान उलटं वाचत.
"आम्ही कुणाला ओढत नाही.
पोहता येत नसताना पिऊन उतरतात,
सकाळी गाव म्हणतं, पाण्यातली बाई वाईट.
आणि आमचं काय झालं विचार की.
पंचनाम्यात आहे: पाय घसरला.
सात जणी, सात विहिरी, सातही वेळा
पायच."

मग ती दर बुधवारी यायची, बाजार उठल्यावर.
माझ्या समासात पेन्सिलीनं लिहायची,
अक्षरं फुगायची, मी पानं इस्त्रीनं वाळवायची.
एकदा तिला मिसळ खायला नेलं.
पहिल्याच घासाला डोळे भरून आले,
मी बोटानं टिपलं, चाखलं.
गोडं होतं. नदीचं.
त्यानंतर मला संदर्भसूची नीट लावता येईना.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी
एकच प्रश्न मन लावून विचारला:
"लग्नानंतर हे चालू ठेवणार?"
त्या दिवशी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी होतं.
तिसऱ्या मजल्यावर, कुणी काही सांडलं नसताना,
सरांचे मोजे भिजले.
त्याबद्दलही आभार. कुणाचे ते लिहीत नाही.

उरलेल्या चुका माझ्या, असं शेवटी म्हणायचं असतं.
पेन्सिलीतलं तेवढं तिचं, आणि ते बरोबर आहे.

एक राहिलं.
या गावात फार पूर्वी एकीनं आपण होऊन विचारलं होतं,
लग्न करतोस का, इतकंच.
तिची थट्टा झाली, मग शस्त्र निघालं,
आणि त्या नाकावरून गावाला नाव पडलं म्हणतात.
लहानपणापासून ही गोष्ट ऐकलेली मी,
गोदाघाटावर, भाजीवाल्या पाट्या आवरत असताना,
कोथिंबिरीच्या चुऱ्यात उभी राहून
विचारलं.

ती काही बोलली नाही.
ओल्या बोटानं माझं नाक चाचपत राहिली,
भुवयांमधून शेंड्यापर्यंत,
पुन्हा एकदा,
जागेवर आहे ना बघावं तशी.