पाहुण्यांची खोली

दहा बाय अकरा.
टेप धरलेला मी, वहीत आकडे मांडणारी तू.
शाहूपुरीतली तीन दुकानं पालथी घालून झाली,
शेवटी बाबासो सुतारालाच बोलावलं.
तो दारातूनच म्हणाला, "डबल घाला की वहिनी,
खोली कशी भरल्यागत दिसंल."

पण येतं कोण?
चैत्रात, जोतिबाला जाताना, गडहिंग्लजचे हिंदुरावमामा.
घोरणं असं की मागच्या गोठ्यातली म्हैस दावं ओढते.
मामी उशी घेऊन स्वयंपाकघरात.
नवरात्रात तुझ्या तिघी मावश्या,
त्यांना पलंग नकोच,
एक सतरंजी आणि दोन वाजेपर्यंत गप्पा.

मग तुझं पेन थांबलं.
"वन्सं," एवढंच म्हणालीस.

दिवाळीनंतर आली होती मालनताई, पहिल्यांदाच एकटी.
आपला मोठा पलंग दिला तिला, मान म्हणून.
सकाळी पाहिलं तर
डाव्या कडेला वीतभर सुरकुत्या,
बाकी चादर कालच्या घडीसकट तशीच.
दुसरी उशी कपाटात ठेवून दिलेली.

बाबासो, दोन सिंगल कर.
उंची बेताची, मामांचे गुडघे धरतात.
जोडायचे त्यांनी जोडावेत,
मधल्या फटीत वाकळेची गुंडाळी घालू.

त्यानं कानावरची पेन्सिल काढली,
फरशीवर दोन चौकोन ओढले.
"मधी काय? टेबल?"
"खुर्ची," तू म्हणालीस. "तांब्या ठेवायला."
"खुर्चीवर तांब्या?"
"मी बसले की
तांब्या खाली."