एस्तार

दांडिया बाजारात, चष्म्याच्या दुकानाच्या वर,
गुरुवारी संध्याकाळी सात जण येतात.
लिफ्ट नाही. जिना चढून धापा टाकतच
म्हणतात, बुएनास तार्देस, बेन.

जिज्ञासाला माद्रिदच्या इस्पितळात नोकरी हवी.
टाइल्सवाल्या कौशलभाईंना मेक्सिको.
फणसेकाकांना काय हवं ते कळत नाही;
फॉर्मवर ‘कारण’ ह्या रकान्यात एक आडवी रेघ.

प्रश्न दरवर्षी तेच.
टेबल ती का? पुस्तक तो का?
मी म्हणते, आपल्याकडे भिंत ती आणि दरवाजा तो,
त्यांना कुणी विचारलं होतं?
मग ‘ओ’वर संपणारा हात बाईचा कसा, ला मानो?
हात आहे. ऐकत नाही.
आणि बेन, आपलं ‘ते’ कुठे गेलं?
ते मूल, ते पाखरू, ते लेकरू?
नाही. तिथे जन्मल्या जन्मल्या
तो किंवा ती व्हावं लागतं.
त्यांच्याकडे ‘ते’ म्हणजे फक्त चहा.

मे गुस्ता एल ते, लिहिलं फळ्यावर,
आणि कुणी मानच वर केली नाही.
पुस्तकात ह्यावर अकरा पानं आहेत,
साहेबलोकांनी तीन महिने अडखळावं म्हणून.
मला चहा आवडतो. मने चा गमे छे.
जे काय करायचं ते चहा करतो,
आपण नुसतं समोर बसायचं.
अकरा पानं एकदम उलटली
आणि सगळे खाली टपरीवर गेलो.

मग ‘असणं’.
आपलं एक, त्यांची दोन.
मी उंच आहे: सेर. मी दमलेय: एस्तार.
एक कायमचं, एक तात्पुरतं,
असं मी सोपं करून सांगते.
पंधरा वर्षं तेच खोटं.

फणसेकाकांनी पेन वर केलं.
औषधांच्या कारखान्यात तीस वर्षं
लेबलं तपासलेला माणूस,
बारीक अक्षरं आधी वाचतो.
“बेन, पान त्रेसष्ट.
‘मेलेली आहे’ला एस्तार दिलंय.
छपाईची चूक?”

पंखा. खाली कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती,
किक, किक, किक.
चूक नाही, म्हणाले. खरा नियम सांगितला:
काही घडून गेल्यावर जे उरतं, त्याला एस्तार.
दार उघडलेलं आहे. काच फुटलेली आहे.
आणि कोण कुठे आहे, हे सांगायलाही तेच.

“एम?” ते म्हणाले.
“म्हणजे मेलेली आहे, आणि कुठे आहे,
दोन्ही एकाच क्रियापदात.”
हो.
त्यांनी लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या, पट्टीने.

पुढच्या गुरुवारी वह्या घेतल्या.
एस्तार वापरून पाच वाक्यं.
जिज्ञासाचा पेशंट आजारी आहे, बरा आहे, पुन्हा आजारी आहे.
कौशलभाईंचा माल बंदरात अडकलेला आहे.
फणसेकाकांचं एकच:
कुमुदिनी एस्ता एन ला कोसिना.
कुमुदिनी स्वयंपाकघरात आहे.

कर्ता बरोबर. क्रियापद बरोबर. जागा बरोबर.
लाल पेनचं टोपण मी
काढलं, लावलं, काढलं.
समासात लिहिलं, चार वाक्यं बाकी,
आणि लगेच वाटलं, हे कशाला लिहिलं.

वेळ होत आली होती. फळा पुसला,
पुढचा धडा काढला: पोर आणि पारा.
दोन्हींचा अर्थ ‘साठी’.
कौशलभाईंचा हात वर:
मग बेन, फरक शाचा?