रकाना क्रमांक सात

फॉर्म दोन पानी आहे.
पुस्तकाचं नाव, प्रती किती,
आक्षेप कुणाचा, कशावर,
पुस्तक सध्या कुठे आहे.
तळाला बारीक अक्षरात: माहिती गुप्त ठेवली जाईल.
नेब्रास्कातल्या नऊशे माणसांच्या गावात
गुप्त काय राहणार!
धान्याच्या कोठारावर चढलं
की सगळ्यांची परसदारं दिसतात.

आक्षेप ग्लेन ओस्टरमनचा.
तोच ग्लेन, जो मी उठायच्या आत
माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ ओढून जातो
आणि कधी बोलून दाखवत नाही.
मंगळवारी आला, टोपी काखेत,
पुस्तक दोन बोटांत, मेलेलं पाखरू धरावं तसं.
"वर्ना, हे पोरांच्या फळीवर नको."
वाचलंस?
"एकोणिसावं पान वाचलं."
एकोणिसाव्या पानावर एक मुलगा
आपल्या दोन आयांसाठी ऑम्लेट करतो.
ते करपतं.

आता मी त्याचं नाव लिहितेय.
ही चहाडी नव्हे,
असं फॉर्मवर कुठेही छापलेलं नाही.

मग सातवा रकाना:
याआधी इथे असं काही घडलं आहे काय?
'नाही' लिहिणार होते.
पेन टेकवलंसुद्धा, शाईचा ठिपका उमटला.

अठ्ठ्याण्णवचा नोव्हेंबर.
कुणी आलं नव्हतं तक्रार घेऊन.
खोक्यातून निघालं मुलींच्या अंगाविषयीचं पुस्तक,
साध्या रेघांची चित्रं, खरं खरं लिहिलेलं.
उभ्या उभ्या सगळं वाचलं मी. आवडलं.
आणि तळघरात नेऊन ठेवलं,
नाताळच्या माळांच्या डब्यामागे.
उगाच कशाला, म्हटलं.
दोन शब्द.
बंदी म्हणजे काहीतरी मोठं असतं,
सभा, ठराव, हात वर करणारी माणसं,
असं वाटायचं मला.

मार्लीस हॅन्सन तीनदा मागायला आली.
कार्डांच्या खणात नोंद होतीच.
बाहेर गेलंय, मी म्हणाले.
तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं:
"इतके दिवस कोण वाचतंय?"
मग ती यायची थांबली.
आता कोठारावर ट्रक तोलते.
भेटली की हात हलवते, हसते,
आणि मी
माझ्या पिशवीत काहीतरी शोधू लागते.

रात्री तळघरात गेले.
माळांचा गुंता, उंदरांच्या लेंड्या,
पुस्तक ओल धरून फुगलेलं,
तारखांचा कागद कोरा.

दुसरा फॉर्म घेतला.
आक्षेप कुणाचा: वर्ना क्विस्ट, ग्रंथपाल.
कशावर: इथे बराच वेळ गेला.
पुस्तक सध्या कुठे आहे:
हीटरवर, वाळतंय.

पहाटे फावड्याचा आवाज आला.
दरवर्षी मी पडद्याआड पडून ऐकते.
या वेळी दिवा लावला, दार उघडलं.
ग्लेन म्हणाला, "माझं नाव पाठवलंस?"
हो, म्हटलं. माझंही.
तो थोडा वेळ फावड्यावर रेलून उभा राहिला.
मग उरलेल्या दोन पायऱ्या
साफ करू लागला.