मसुदा तिसरा

इंग्रजीत तो एकच शब्द होता, गुळगुळीत,
पाण्याबरोबर उतरणाऱ्या गोळीसारखा.
दिल्लीहून आलेल्या हिंदीत त्याचं झालं : साँस फूलना.
हिंदी इथे कळते का ते बघायला
मी कागद घेऊन पूर्व भागात फिरते आहे, तीन आठवडे.
बोळाबोळांत मागांचा खडखडाट.
प्रश्न ओरडूनच विचारावे लागतात.

खाजाभाई म्हणाले, फूलता नै बाई, दम चढता.
सायण्णा येमूल म्हणाले, आयासम्.
शेजारचा कांडीवाला म्हणाला, दम लागतो,
आणि लगेच, दम खा की जरा, सांगतो ना.
मी समासात लिहिलं :
ज्या शब्दानं आम्हाला धाप लागते
त्याच शब्दानं आम्ही धीर धरतो, धमकावतो,
बिर्याणी शिजवतो.
समितीनं ते खोडलं.
उलट भाषांतर करणाऱ्या मुलानं, ज्यानं मूळ पाहिलं नव्हतं,
माझा दम परत इंग्रजीत नेला तेव्हा त्याचा अर्थ झाला धाडस.
तेही खोडलं.

प्रश्न चौथा : कुत्र्याला फिरवायला नेताना त्रास होतो का?
सायण्णा हसले, हसता हसता खोकले.
खोकला संपेपर्यंत मी पेनाचं टोपण लावून बसले.
'कुत्रंच मला फिरवतंय, लिहा.
मी तिसऱ्या पायरीवर टेकतो, ते खाली वाट बघतं.'
आम्ही कुत्रं काढून टाकलं. त्याच्या जागी घातली
पाण्याची घागर, पहिला मजला.

प्रश्न अकरावा. इथे अडलं.
जीवन की गुणवत्ता, पिछले चार हफ़्तों में.
'गुणवत्ता म्हणजे क्वालिटी ना?'
एकतीस वर्षं टॉवेल विणलेला माणूस.
त्यांनी खांद्यावरचा पंचा दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला,
तुटलेला ताणा शोधत.
'सेकंडात काढा.
किनार बरी आहे. मधे धागा गेलाय.
सेकंडही खपतो, मंगळवारच्या बाजारात, वजनावर.'
पर्याय पाच होते, बहुत अच्छी ते बहुत ख़राब.
सेकंड कुठल्या चौकटीत बसतं
मी अजून ठरवलेलं नाही.

अंबव्वा दारात विड्या वळत होती, सूप मांडीवर.
तिला कुणी विचारलं नव्हतं, ती निकषात बसत नाही.
आधी तेलुगूत बोलली, मग माझ्यासाठी मराठीत :
'रात्री ह्यांचे श्वास मोजते मी.
पंचवीस झाले की एक बंडल.
पहाटेपर्यंत किती होतात, विचारा की तुमच्या कागदाला.'

चौदा दिवसांनी पुन्हा तेच प्रश्न.
उत्तरं जुळली तर प्रश्नावली विश्वासार्ह,
पुण्याच्या आकडेवाल्या बाईंचं म्हणणं.
खाली मागाच्या जागी बोल्टांची चार भोकं.
वर खाटेशेजारी यंत्र घुमत होतं, नळी नाकात.
'मागच्या वेळी काय सांगितलं होतं मी?
तेच लिहा. तुमचं काम बिघडायला नको.'
तसं चालत नाही, मी म्हणाले.
त्यांनी डोळे मिटले. 'सेकंड,' म्हणाले. 'लिहा.'

आकडा पुढे उत्तम आला, शून्य पॉइंट नऊ एक.
त्या दिवशी मात्र मी कागद छातीशी धरून उतरत होते
आणि खालून तिसऱ्या पायरीवर
ते कुत्रं बसलं होतं, वर बघत.
मला ओलांडून जावं लागलं.