पांढऱ्या दगडावरची काळी रेघ

इमेरेतीच्या या डोंगरात शिरायचं तर
आधी पाठ वाकवावी लागते, मग मान,
मग विद्यापीठातून आणलेला ताठा.
बोंदो पुढे. सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरतात,
पण काळोखात एकेक दगड
त्याला सोयऱ्यासारखा ओळखू येतो.
नकाशात या गुहेला क्रमांक आहे.
गावात नुसतं 'भोक' म्हणतात.

आत बारा महिने तेरा अंश.
थेंब पडतो. सतरा सेकंदांनी दुसरा.
थेंबे थेंबे तळं साचतं म्हणे;
इथे साचतो खांब,
शंभर वर्षांत नखाएवढा,
आणि घाई कुणालाच नाही
माझ्या शिष्यवृत्तीखेरीज.

आम्ही घेतला तो आधीच पडलेला,
तीन वर्षांमागच्या हादऱ्यात बुडापासून मोडलेला.
उभ्याला हात लावायचा नाही
हे कागदावर आहे,
त्याहून जास्त बोंदोच्या नजरेत आहे.
ओल्या गोणपाटात गुंडाळून, तान्ह्याला न्यावं तसा
खचाखच मिनीबसमध्ये मांडीवर घेऊन
मी तो त्बिलिसीला आणला
आणि हिऱ्याच्या पात्याने उभा चिरला.

भिंगाखाली दुधाळ, दुधाळ, दुधाळ,
मध्येच केसाहून बारीक काळी रेघ.
काजळी.
कुणीतरी खाली जाळ केला होता.
धूर वर गेला, ओल्या दगडावर बसला,
आणि पुढच्या पाण्याने आणलेल्या चुन्याने
त्याच्यावर पांघरूण घातलं.

काळ्या दगडावरची रेघ म्हणजे पक्का शब्द.
इथे दगड पांढरा, रेघ काळी,
आणि शब्द असा नाहीच काही.
नुसतं: थंडी होती. लाकूड मिळालं.

मोजत गेले. सत्तावन्न रेघा,
कधी तीन एकमेकींना खेटून,
म्हणजे लागोपाठ तीन हिवाळे तीच माणसं,
किंवा त्यांच्याकडून वाट ऐकलेली दुसरी.
मग कोरं पांढरं. चार हजार वर्षं.
त्या पांढऱ्यापाशी मी एक आठवडा घालवला.
इतके दिवस कुणालाच थंडी वाजली नाही?

आणि टोकापासून तीन मिलिमीटरवर
अठ्ठावन्नावी.

ओतार सर म्हणाले, हे प्रदूषण.
कुणा हौशी माणसाची मशाल असेल.
गणतीत धरू नकोस, नातेला.
मी वरचे थर परत मोजले, वर्षाला एक.
एकतीस भरले.

छायाचित्र घेऊन भोकाशी गेले.
बोंदोने ते लांब धरलं, जवळ धरलं,
चष्मा काढला, पुसला नाही, परत घातला.
'त्या साली वीज नव्हती. गॅस नव्हता.
घरात भिंतींना आतून बर्फ.
इथे निदान तेरा अंश.
आम्ही अकरा जण, शिवाय लियाना, पोटुशी.
मी शाळेत भूगोल शिकवायचो,
किल्ली माझ्याकडेच होती.
आधी बाकं जाळली. मग नकाशांच्या काठ्या.
शेवटी फळा.'

फळा?
'लाकडाचाच होता. शेवटच्या तासाची तारीख
खडूने लिहिलेली, तशीच होती त्यावर.'

मी वही उघडली. कुठली तारीख?

'आणला तेव्हा अंधार होता, दिसली नाही.
पेटल्यावर उजेड झाला,
वाचायला वाकलो,
तोवर तारीख गेली होती.'

सतरा सेकंद. थेंब.
पुन्हा सतरा.

तक्त्यात मी नवी ओळ घातली.
क्रमांक अठ्ठावन्न. वय: एकतीस, अधिक-उणे एक.
इंधन: शाळेचा फळा.
सर खोडतील. पेन्सिलने खोडतील बहुतेक.

बोंदो अजून छायाचित्रात खाली खाली बघत होता,
तळाच्या त्या खेटलेल्या तीन रेघांकडे.
'आणि यांनी काय जाळलं?'
ओक, म्हटलं. थोडा बीच. कोळसा सापडलाय.

'ओक,' तो म्हणाला,
आणि बॅटरी चाचपत उठला.
'श्रीमंत होते लेकाचे.'