तिरका तीन

सहमला, खलफानच्या खजुरीच्या बागेत
जुना मॅसी चौदा उन्हाळे उभा.
मधला पिस्टन जाम. आठवडाभर डिझेल पाजलं,
मग लाकडी ठोकळा ठेवून हातोडी,
शेजारी बाळ निजलंय अशा बेताने.
सुटला. ऑइलपानात वाळू निघाली
आणि खजुराची एक बी.

कनेक्टिंग रॉडच्या टोप्या पुसताना
छिन्नीचे घाव दिसले.
खलफान वाकून म्हणाला, "तिस्आ? नऊ?"
नऊ कुठले, बाबा, इंजिनच तिनाचं.
तुझा नऊ तो आमचा एक.
हा दोन. आणि हा तीन,
हात घसरल्यासारखा तिरका.

कोण होता?
बापाच्या वेळचा, म्हणाला, बोटीने आलेला,
मासळीला न शिवणारा.
नाव कुणी विचारलंच नाही.

तीन नीट करावा म्हणून छिन्नी उचलली,
परत ठेवली.
त्याच्याच खुणांवर टोप्या बसवल्या,
नव्या रिंगा, नवे लायनर,
प्रत्येक नटाचा ताण दोनदा मोजून.

पहिल्या दिवशी इंजिन नुसतं खोकलं,
पाइपात हवा होती.
दुसऱ्या दिवशी दोनावर चाललं, लंगडत,
तिसरा बऱ्याच वेळाने आला.
खलफान काहीतरी ओरडला.
आवाजात ऐकूच आलं नाही.